न पुसलेली फीत

एखादी वस्तु आपण जपून ठेवली असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां आपण नेमकें काय केलेलें असतें? बहुधा कांहींच केलेलें नसतें. ती फेंकून दिलेली नसते, एवढेंच. घर बदलतांना, माळा झाडतांना, दिवाळीची साफसफाई करतांना ती अनेकदां हातांत आलेली असते आणि प्रत्येक वेळीं, कांहीं विशेष कारण नसतां, पुन्हां जागच्या जागीं गेलेली असते. ह्या निष्क्रिय दिसणाऱ्या सद्गुणाकडे माझें लक्ष वेधलें तें एका ध्वनिफितीनें. बीटल्स ह्या इंग्लिश वाद्यवृंदाच्या १९६३ सालच्या एका कार्यक्रमाची ही फीत साठ वर्षांनीं, २०२३ च्या एप्रिल महिन्यांत उजेडांत आली. तिच्यांतील थोडा भाग बी. बी. सी. च्या नभोवाणीवरून ऐकविण्यांत आला. आणि ज्याचें उभें आयुष्य इंग्रजी काव्य-नाटकें शिकविण्यांत गेलें, अशा मजसारख्या माणसाच्याहि मनांतून ती वार्ता कित्येक दिवस हालली नाहीं.

बकिंगहॅमशायर परगण्यांत स्टो नांवाची एक निवासी शाळा आहे. एके काळीं सरदारांचा वाडा असलेल्या एका भव्य वास्तूंत ती १९२३ सालीं सुरू झाली. वाड्याभोंवतालचीं उद्यानें इंग्लंडच्या उद्यानकलेच्या इतिहासांत नांवाजलेलीं आहेत. १९६३ सालीं ही शाळा केवळ मुलग्यांची होती. तेथें शिकणाऱ्या लिव्हरपूलच्या एका विद्यार्थ्यानें बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन ह्यांस पत्र लिहिलें, शंभर पौंडांवर बिदागी ठरली, आणि ४ एप्रिल रोजीं शाळेच्या रॉक्सबर्ग नाट्यगृहांत चौघे तरुण आपलीं वाद्यें घेऊन उभे राहिले. 'प्लीज प्लीज मी' ही त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होऊन पुरते दोन आठवडेहि लोटले नव्हते. तिच्यांतील चौदा गाण्यांपैकीं दहा गाणीं त्यांनीं त्याच वर्षीं ११ फेब्रुवारीस, एका दिवसांत, मुद्रित करून टाकलीं होतीं. चौघांपैकीं जॉन लेनन व रिंगो स्टार बावीस वर्षांचे, तर पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन अवघे वीस वर्षांचे. माझ्या पदवीच्या आणि एम. ए. च्या वर्गांतील बाकांवर बसणाऱ्या मुलांचें जें वय, तेंच त्यांचें.

श्रोत्यांमध्यें पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला यंत्रांचा नाद. नवें टेप-रेकॉर्डर हातीं आलेलें. तें एकदां चालवून पाहावें, ह्या हौसेनें त्यानें कार्यक्रम मुद्रित करून घेतला. आपण इतिहास टिपीत आहों ही भावना त्यांत असण्याचें कारण नव्हतें. कारण इतिहास अजून घडायचाच होता. परंतु ब्रिटनमधील बीटल्सच्या एका संपूर्ण कार्यक्रमाचें आज ज्ञात असलेलें सर्वांत जुनें मुद्रण म्हणजे ही तासाभराहून अधिक लांबीची फीत.

तिचें मोल केवळ जुनेपणाचें असतें, तर तें संग्राहकांपुरतेंच राहिलें असतें. तिच्यांत जें ऐकूं येतें तें पुढें फारसें ऐकूं येईनासें झालें, हें तिचें खरें मोल. बीटल्सविषयीं एक आख्यायिका आपण सर्वांनीं स्वीकारलेली आहे: ते गात आणि मुली किंचाळत, गाणें कोणासच ऐकूं येत नसे. ही आख्यायिका खोटी नाहीं. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे क्रीडांगणांत पंचावन्न हजारांहून अधिक माणसें जमलीं, आणि त्या कोलाहलांत गाणाऱ्यांना स्वतःचाच आवाज ऐकूं येईना. ज्या कलावंताला स्वतःचा सूर ऐकूं येत नाहीं, तो सुधारणार कसा? परंतु स्टोच्या नाट्यगृहांत बहुतेक मुलगेच होते. आरडाओरडा बेतानें होता, अमुक गाणें म्हणा अशी फर्माईशहि मधूनच होत होती, आणि दोन गाण्यांच्या मधली चौघांची थट्टामस्करी स्पष्ट कानीं पडत होती. हँबुर्गच्या मद्यगृहांत रात्रीमागून रात्री वाजवून ज्यांचे हात तयार झालेले होते, असे हे चौघे कसबी कारागीर आहेत, दैवानें उचलून धरलेले छबकडे नव्हेत, ही गोष्ट ह्या फितीनें सिद्ध केली. आख्यायिकेला साक्षीपुराव्यानें मुरड घालणें हें इतिहासकाराचें काम. तें येथें शाळकरी पोराच्या यंत्रानें केलें.

ह्या फितीला एक जोडीदारीण आहे. २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्यें बीटल्सनीं तिकीट लावलेला आपला शेवटचा कार्यक्रम केला. ह्यापुढें असे दौरे करावयाचे नाहींत हें त्यांच्या मनानें घेतलें होतें. म्हणून मॅकार्टनीनें आपले प्रसिद्धि-अधिकारी टोनी बॅरो ह्यांस एका लहानशा कॅसेट-यंत्रावर कार्यक्रम टिपून ठेवण्यास सांगितलें. बॅरोंनीं तसें केलें. पण कॅसेटची बाजू अर्ध्या तासाची, आणि शेवटचें गाणें मध्यावर आलें असतां ती संपली. मुद्दाम, जाणूनबुजून जपावयास घेतलेला शेवट अपुरा राहिला. आणि सहज, खेळ म्हणून टिपलेला आरंभीचा कार्यक्रम मात्र पुरा हातीं लागला. मनुष्याच्या नियोजनाविषयीं ह्याहून बोलका धडा मला ठाऊक नाहीं.

येथें एक आक्षेप निघेल, आणि तो हलका नाहीं. गायकाच्या संमतीवांचून त्याचें गाणें टिपणें योग्य काय? १९६२ च्या डिसेंबरांत हँबुर्गच्या स्टार-क्लबमध्यें झालेल्या त्यांच्या गाण्याचीं अशींच घरगुती यंत्रावर केलेलीं मुद्रणें १९७७ सालीं बाजारांत आलीं. त्यांवरून कज्जा झाला. १९९८ सालीं हॅरिसन स्वतः लंडनच्या न्यायालयांत साक्ष देण्यास उभा राहिला, आणि निकाल बीटल्सच्या बाजूनें लागला. मला तो निकाल न्याय्य वाटतो. उत्तररात्रीं, मद्यगृहाच्या गोंगाटांत, थकल्या गळ्यानें गायलेलें गाणें हें आपलें प्रातिनिधिक गाणें म्हणून विकलें जावें, हें कोणत्या कलावंतास रुचेल? माझीं एखाद्या कंटाळलेल्या दुपारचीं व्याख्यानें उद्यां कोणी छापून विकूं लागला, तर मीहि दाद मागेन. परंतु विकणें वेगळें आणि ठेवणें वेगळें. विकणारा दुसऱ्याच्या श्रमावर हक्क सांगतो. ठेवणारा तसला कोणताच हक्क सांगत नाहीं. तो केवळ एका संध्याकाळचा साक्षीदार असतो.

आणि साक्षीदारांवांचून किती गेलें ह्याची आठवण आपणां मराठी माणसांस करून देण्याची गरज नाहीं. भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. ध्वनिमुद्रणाची कला हिंदुस्थानांत येऊन तेव्हां वीस वर्षें झालीं होतीं. तरी बुवांचा आवाज आपणांस लाभला नाहीं. ते आपल्याला भेटतात ते 'स्वयंवर' नाटकाला त्यांनीं दिलेल्या चालींतून, बालगंधर्वांच्या गळ्यांतून. शिष्याचा गळा ही देखील एक फीतच, पण ती गुरूचा आवाज हुबेहूब परत देत नाहीं. स्वतःचा रंग मिसळून देते.

माझे एक गुरुजी आम्हांस 'किंग लिअर' शिकवीत. मृत कन्येस हातांवर घेऊन लिअर रंगभूमीवर येतो, त्या प्रवेशापाशीं ते पुस्तक मिटून ठेवीत आणि थोडा वेळ कांहींच बोलत नसत. नंतर जें बोलत तें इतक्या हलक्या आवाजांत, कीं मागच्या बाकांवरचीं मुलें पुढें सरकत. तो आवाज कोणीं टिपला नाहीं. माझ्या वहींत त्या दिवसाच्या तारखेखालीं चार ओळी आहेत, आणि त्यांत त्यांच्या बोलण्यांतलें कांहींएक उतरलेलें नाहीं. मात्र गेलीं अनेक वर्षें त्या प्रवेशापाशीं पोंचतांच माझाहि हात पुस्तक मिटतो. मीं तसें ठरविलेलें नाहीं. विद्यार्थ्यांस ती माझी लकब वाटत असेल; ती कोणाची आहे हें सांगणारा त्या वर्गांत माझ्याशिवाय कोणी नसतो. गुरुजींच्या आवाजाचा एखादा तुटका, खरखरणारा तुकडा जरी आज मिळाला, तरी त्याच्या बदल्यांत मीं माझ्या कपाटांतील पुष्कळशीं पुस्तकें आनंदानें दिलीं असतीं.

हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत मुद्रणयंत्र आहे, आणि प्रत्येक मैफल शंभर हातांनीं टिपली जाते. तेव्हां ही चिंता आतां मिटली, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. टिपणें सोपें झालें म्हणून ठेवणें सोपें झालें असें नाहीं. चुंबकीय फितीचा धर्म असा, कीं तिच्यावरचें पुसून दुसरें कांहीं टिपतां येतें. आणि फीत महाग असल्यामुळें लोक तसें करीत. खुद्द बी. बी. सी. नें बीटल्सच्या नभोवाणीवरील गाण्यांचीं अनेक मुद्रणें राखलीं नाहींत. त्यांतलीं कांहीं आज ऐकावयास मिळतात तीं घरीं बसून रेडिओवरून टिपून घेणाऱ्या श्रोत्यांच्या कृपेनें. एवढी मोठी संस्था जें करूं शकली नाहीं, तें त्या सामान्य श्रोत्यांनीं केलें. आणि तेंच स्टोच्या त्या मुलानेंहि केलें.

म्हणून त्या मुलाचें श्रेय मी दोन भागांत विभागतों. ४ एप्रिलच्या संध्याकाळीं त्यानें यंत्राची कळ दाबली, हा श्रेयाचा लहान भाग. त्याला एक क्षण पुरला. मोठा भाग पुढच्या साठ वर्षांचा आहे. त्या काळांत त्या फितीवर दुसरें कांहींहि टिपतां आलें असतें, आणि तें त्यानें टिपलें नाहीं.