रिकाम्या क्षमतेच्या बाजूने

उज्जैनमध्ये एमबीएच्या पहिल्या वर्षाला मी ‘प्रॉडक्शन अँड ऑपरेशन्स मॅनेजमेंट’ शिकवते. मुलं त्याला पीओएम म्हणतात. बरीच वर्षं मी या विषयाचं सार पहिल्याच तासाला सांगून टाकत असे: यंत्र रिकामं राहिलं की पैसा गेला, आणि माणूस रिकामा राहिला की त्याहून जास्त गेला. आता मी तसं सांगत नाही. आता माझं म्हणणं जवळजवळ उलट झालं आहे. ते कशामुळे उलटलं, हे मनापासून लिहावंसं वाटतं.

मी शिकवण्याकडे आले ती पीथमपूरच्या एका कारखान्यातल्या प्लॅनिंग विभागातून. तिथे रोज सकाळी मशीन लोडिंगचा तक्ता लागायचा. ज्या मशीनपुढे ९५ टक्के दिसायचे तिथला सुपरवायझर खुशीत असायचा, ज्याच्यापुढे ७० दिसायचे त्याला जाब द्यावा लागायचा. तो संस्कार घेऊनच मी वर्गात उभी राहिले. अभ्यासक्रमही त्याला पूरकच होता. टेलरचं १९११ चं शास्त्रीय व्यवस्थापन, गँटचे तक्ते, फोर्ड हॅरिसने १९१३ मध्ये मांडलेलं किफायतशीर ऑर्डरचं सूत्र, प्लँट लेआउट, वर्क स्टडी, लाइन बॅलन्सिंग. हे सगळं मी आजही शिकवते आणि त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण या सगळ्यातून मुलांच्या हाती एकच गोष्ट लागायची: जे पडून आहे ते कामाला लावा.

रांगेचं शास्त्र शेवटच्या युनिटमध्ये असतं. परीक्षेला त्यावर एक न्यूमेरिकल येतं. कोपनहेगनच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये किती तारा ठेवाव्यात, या प्रश्नातून एर्लांगने १९०९ मध्ये या शास्त्राचा पाया घातला. त्यातलं सगळ्यात सोपं गणित असं: एकच खिडकी आहे, माणसं कधी येतील याचा नेम नाही, प्रत्येकाला किती वेळ लागेल याचाही नाही. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर तिथे सरासरी १ माणूस सापडतो. ८० टक्के वेळ कामात असेल, तर ४ माणसं. ९० टक्के झाले की ९, ९५ झाले की १९. आणि ९९ टक्क्यांना ९९. म्हणजे शेवटच्या थोड्याशा टक्क्यांसाठी जी किंमत पडते ती आधीच्या सगळ्यांहून कितीतरी मोठी असते, आणि ती भरतो रांगेत उभा असलेला माणूस. खिडकीच्या हिशेबवहीत ती दिसतच नाही.

लोडिंगच्या तक्त्यातले ९५ आणि या गणितातले ९५ एकच आहेत. दोन्ही मी एकाच सत्रात शिकवत होते, फक्त एकमेकांसमोर कधी ठेवले नव्हते. ते समोरासमोर आणले या गावाने.

उज्जैनला उत्पादनाची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. नागद्याला ग्रासिमचा विस्कोस तंतूंचा कारखाना १९५४ पासून आहे. ही अखंड चालणारी प्रक्रिया, ती मध्येच थांबवणं महागात पडतं. उज्जैनला लागून भेरूगढला बाटिकची छपाई चालते: कापडावर मेण, मग फिका रंग, पुन्हा मेण, मग गडद रंग, शेवटी उकळत्या पाण्यात मेण सोडवायचं. रंगांचा क्रम बदलता येत नाही आणि वाळवण उन्हावर अवलंबून. बॅच उत्पादन समजावायला याहून चांगलं काही नाही. गावातल्या कापडगिरण्या मात्र बंद पडून एक पिढी उलटली. माझ्या वर्गातल्या तराण्याच्या, महिदपूरच्या, बडनगरच्या मुलांनी गिरणीचा भोंगा ऐकलेला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोरचं सर्वांत मोठं ‘ऑपरेशन’ महाकालाच्या दर्शनाचं आहे.

आणि ते आपल्या मराठी माणसांना परकं नाही. अठराव्या शतकात आजचं मंदिर उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. ११ ऑक्टोबर २०२२ ला मंदिराभोवतीच्या महाकाल लोक परिसराचं उद्घाटन झालं आणि गावाची गर्दीच बदलली. नऊशे मीटरहून लांब मार्गिका, १०८ स्तंभ, शेजारी रुद्रसागर. पूर्वी सणावारी दिसायची तशी गर्दी आता साध्या शनिवार-रविवारी दिसते. हॉटेलवाले, ई-रिक्षावाले, पोह्याच्या गाड्या, सगळ्यांचं लोडिंग वाढलं. माझ्या जुन्या शिकवणुकीप्रमाणे हे यश होतं.

पण याच मंदिरात १५ जुलै १९९६ ला, सोमवती अमावास्येच्या दिवशी, चेंगराचेंगरीत तिसाहून अधिक माणसं गेली. २००३ मध्ये नाशिकच्या कुंभात तसंच झालं, २००५ च्या जानेवारीत वाईजवळच्या मांढरदेवीला तर शेकडो गेले. अशा घटनांनंतर अफवा, ओली फरशी, कुणाचा तरी पाय घसरणं, अशी कारणं पुढे येतात. ती खरीही असतात. पण गर्दीचा अभ्यास करणारे जॉन फ्रुइन सांगतात की दर चौरस मीटरला साधारण ७ माणसं झाली की माणसाचा स्वतःच्या पायांवर ताबा राहत नाही, सगळा समूहच हलतो. तिथवर पोचल्यावर ठिणगी कुठली हा प्रश्न दुय्यम ठरतो. खरा प्रश्न आधीचा आहे. वाट इतकी भरेपर्यंत भरू का दिली? आणि ‘वाट पूर्ण वापरात आहे’ हे ज्या शास्त्रात कौतुकाचं वाक्य आहे, ते शास्त्र मी शिकवत होते.

एक छोटा हिशेब मी आता पहिल्याच आठवड्यात करायला देते. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी जी सुरक्षा मार्गदर्शिका आहे, तिच्यात सपाट वाटेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं आणि पायऱ्यांवर ६६ माणसं ही कमाल मर्यादा धरली आहे. समजा दोन मीटर रुंदीची सपाट वाट पुढे तेवढ्याच रुंदीच्या पायऱ्यांना मिळते. वाटेतून तासाला ९,८४० माणसं येऊ शकतात, पायऱ्यांवरून ७,९२० जातात. रुंदी तीच, पण वाट पूर्ण भरून चालवली तर दर तासाला १,९२० माणसं पायऱ्यांच्या तोंडाशी साचतात. कुणी ढकललं नाही, कुणी अफवा पसरवली नाही, तरी साचतात. हे गणित सोडवताना वर्ग एकदम शांत होतो. लाइन बॅलन्सिंगच्या न्यूमेरिकलला असं कधी झालं नव्हतं.

माझं मत पक्कं व्हायला आणखी एका विचाराची मदत झाली. हॉप आणि स्पिअरमन यांनी कारखान्यांच्या संदर्भात तो नीट मांडला आहे. मागणीत आणि कामात अनिश्चितता असली की तिची भरपाई कुठेतरी करावीच लागते, आणि त्यासाठी तीनच जागा आहेत: साठा, जादा क्षमता किंवा वेळ. यातली दोन दिली नाहीत तर तिसरं आपोआप वसूल होतं. लाडूप्रसादाचा साठा करता येतो, सणाच्या आदल्या रात्री भट्ट्या जास्त चालवता येतात. दर्शनाचा साठा करता येत नाही. रात्री तीनला रिकामं गेलेलं मिनिट सकाळी दहाला कामी येत नाही. म्हणजे उरलं काय? एकतर क्षमता मोकळी ठेवा, नाहीतर माणसांच्या वेळातून ती किंमत घ्या. जिथे वेळही संपतो तिथे ती अंगावर येते.

इथे मला पंढरपूरकडे नव्याने पाहावंसं वाटलं. लहानपणापासून ज्या गोष्टी श्रद्धेच्या म्हणून ऐकल्या, त्यांत या शास्त्राची किती समज आहे! आषाढीच्या आधी देवाचा पलंग निघतो. देव झोपायचं थांबतो आणि दर्शन अहोरात्र सुरू राहतं, प्रक्षाळपूजेपर्यंत. मागणी वाढते त्या काळापुरती क्षमता वाढवण्याची ही सोय विधीतच बसवलेली आहे. (आमच्या महाकालातही महाशिवरात्रीला रात्रभर दर्शन चालतं आणि दुसऱ्या दिवशी, वर्षातून एकदाच, एरवी पहाटे होणारी भस्मारती दुपारी होते.) पदस्पर्शाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, कारण दोहोंना लागणारा वेळ वेगळा. आणि ज्याला दोन्ही जमत नाही तो नामदेव पायरीला डोकं टेकवतो, कळसाचं दर्शन घेतो आणि वारी पोचली म्हणतो. त्याला कुणी कमी वारकरी मानत नाही. गर्दीला गाभाऱ्याकडून कळसाकडे वळवणारं हे मन जगातल्या कुठल्याही कन्सल्टंटला घडवता येणार नाही. वारीच्या वाटेवर रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात. माउलींच्या पालखी सोहळ्याला ही शिस्त एकोणिसाव्या शतकात लावली हैबतबाबा आरफळकरांनी, आणि ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते. उज्जैनमध्ये बसून हे वाचताना मला फार आपलेपणा वाटला.

महाकालात जुलै २०२३ पासून सर्वसामान्यांना गर्भगृहात प्रवेश नाही, बाहेरूनच दर्शन घेऊन पुढे सरकायचं. भस्मारतीलाही चालत्या दर्शनाची सोय आहे. हे पटलं नाही असं सांगणारी माणसं माझ्या घरातही आहेत. जलाभिषेक स्वतःच्या हाताने करण्यात जे आहे ते दुरून हात जोडण्यात नाही, हे मलाही कळतं. तरी माझा कौल बदलाच्या बाजूने आहे. प्रत्येकी लागणारा वेळ थोडा कमी झाला की रांग कितीतरी पटीने उतरते, तेही क्षमता काठोकाठ भरलेली असतानाच सर्वांत जास्त. मात्र वाचलेला तो वेळ आणखी माणसं आत सोडण्यात खर्च झाला, तर पुन्हा ९५ वर येऊन थांबलो.

शीघ्र दर्शनाबद्दल मी अजून अस्वस्थ आहे. २५० रुपये दिले की वेगळ्या रांगेतून लवकर आत जाता येतं. रांगेच्या शास्त्रात एक नियम आहे, क्लाइनरॉकने १९६५ मध्ये मांडलेला: कामाचा एकूण भार आणि काम करण्याचा वेग तोच असेल, तर कुणाला आधी सोडलं म्हणून एकूण प्रतीक्षा घटत नाही. ती फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जाते. पुढे गेलेल्याचा वाचलेला तास मागच्यांमध्ये वाटला जातो. त्या पैशातून मागच्यांसाठी सावली, पाणी, आणखी एक वाट तयार होत असेल तर मी ते समजू शकते. हा हिशेब दरवर्षी मांडला जावा एवढं मला वाटतं.

यावर वर्गात एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो चांगला आहे. मॅडम, मग टोयोटाचं काय? त्यांनी तर सगळं जादाचं काढून टाकलं. मीही पूर्वी असंच शिकवायचे. पण टोयोटाने काढला तो मालाचा साठा. त्यांच्या कारखान्यांत दोन शिफ्टच्या मध्ये मोकळा वेळ ठेवण्याची पद्धत होती, मागे पडलेलं काम आणि देखभाल त्यात व्हायची. कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकायचा तो या मोकळ्या वेळाच्या भरवशावर. मुंबईच्या डबेवाल्यांचंही तसंच. त्यांच्या डब्यांवरच्या खुणांचं कौतुक सगळे करतात, मीही केलं. पण त्यांच्या गटांत दोन-तीन माणसं मुद्दाम जास्तीची असतात, कुणी आजारी पडलं, लोकल चुकली, तर त्याची जागा घ्यायला. वेळेवर पोचणाऱ्या डब्यामागे त्या जादा माणसाचा पगार आहे. एखाद्या बाहेरच्या हिशेबनिसाने पहिल्या दिवशी त्यालाच काढलं असतं. काही वर्षांपूर्वी मीही तसंच सुचवलं असतं.

जादा क्षमतेचं मोल आमच्या गावानेही पाहिलं आहे. उज्जैनचा २०१६ चा सिंहस्थ कुंभ २२ एप्रिल ते २१ मे असा महिनाभर होता. मुख्य स्टेशनवरचा भार विक्रमनगर, पिंगळेश्वर, चिंतामण अशा आसपासच्या छोट्या स्थानकांवर वाटला होता. क्षिप्रेत पाणी नव्हतं, तर २०१४ पासून नर्मदेचं पाणी पंपाने चढवून आणलं जात होतं. हे सगळं वर्षातले बाकीचे दिवस ‘कमी वापरात’ दिसणारं. आणि ५ मेला वादळी पाऊस आला, मंडप कोसळले, माणसं दगावली. त्या संध्याकाळी जिथे जिथे पक्की, कोरडी, रिकामी जागा होती, तिथे माणसं शिरली. शाळेचा वर्ग, धर्मशाळेचा ओटा, कुणाचा वाडा. त्या दिवशी गावातल्या रिकाम्या चौरस फुटाचं मोल किती होतं, हे कुठल्या सूत्राने काढायचं मला माहीत नाही. पण शून्य नक्कीच नव्हतं, आणि आमच्या तक्त्यात ते शून्य धरलं जातं.

म्हणून आता मी शेवटचं युनिट पहिलं घेते. आधी रांग, मग लिटलचा नियम: तासाला ६,००० माणसं बाहेर पडत असतील आणि प्रत्येकाला ३ तास लागत असतील, तर कुठल्याही क्षणी १८,००० माणसं आत आहेत. त्यांच्या पाण्याची, सावलीची, स्वच्छतागृहाची सोय १८,००० ची असायला हवी, ६,००० ची नव्हे. मग क्षमता, मग साठा, आणि टेलर, गँट, हॅरिस त्यानंतर. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका बदललेली नाही, त्यामुळे मुलांना जुना क्रमही तयार करावा लागतो आणि काहींची त्यावर कुरकुर असते. मुलाखतीत कंपन्या यूटिलायझेशन कसं वाढवाल असंच विचारतात. त्याचंही उत्तर मुलांना यायला हवं, नोकरी त्यांना हवी आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरची मुख्य स्नानं २०२७ मध्ये आहेत आणि लगेच २०२८ मध्ये उज्जैनचा सिंहस्थ. आज माझ्या वर्गात बसलेली मुलं तेव्हा इथेच कुठेतरी कामाला असतील: पालिकेत, रेल्वेत, एखाद्या ठेकेदाराकडे, अन्नछत्रात. आराखडे त्यांच्या हातात येतील. रस्ता किती रुंद, घाट किती लांब हे आकडे त्यात असतीलच. त्यांनी त्याच कागदावर आणखी दोन रकाने मागावेत, एवढं वचन मी त्यांच्याकडून घेते. यातला किती भाग रिकामा ठेवायचा ठरला आहे, आणि पर्वणीच्या दिवशी तो भरू पाहणाऱ्या माणसांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कुणाला दिला आहे.