रस्त्याकडची खोली

आमचे बालपण पुण्याच्या एका जुन्या वाड्यात गेले. त्या वाड्याचा दिंडीदरवाजा रस्त्याकडे असला, तरी निजावयाच्या खोल्या आतल्या चौकाभोवती होत्या. पुढे वाडा पडून तेथे पाच मजली इमारत झाली, तेव्हा रस्त्याकडची गॅलरी आम्ही हट्टाने मागून घेतली. सायंकाळी तेथे बसून रहदारी पाहणे म्हणजे आम्हांस फुकटचे नाटकच वाटे!

गेल्या हिवाळ्यात त्या गॅलरीलगतच्या खोलीत निजणाऱ्या आमच्या नातवाचा खोकला काही केल्या हटेना. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारले, "मूल निजते कोठे?" त्या साध्या प्रश्नाने आम्ही ओशाळलो.

मग ह्या विषयावर थोडे वाचन केले. अरुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांस उंच इमारती उठल्या म्हणजे रस्त्याची घळ होते. वारा त्या घळीतच घिरट्या घालतो व गाड्यांचा धूर कोंडून राहतो. उलट मोठ्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर दूर गेले, की त्याचा अंश पुष्कळच उतरतो. झाडे लावली की झाले, अशी आमची समजूत होती. तीही अर्धीच खरी ठरली. गाड्या आणि पदपथ ह्यांमध्ये झुडुपांचे दाट कुंपण असेल, तर चालणाऱ्याचे रक्षण होते. परंतु अरुंद गल्लीवर झाडांचे दाट छत धरले, तर धूर खालीच अडकतो.

हा प्रश्न केवळ खोकल्याचा नव्हे. लंडनमध्ये एका हमरस्त्याजवळ राहणारी एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची दमेकरी मुलगी २०१३ साली वारली. तिच्या मृत्यूच्या कारणांत दूषित हवेची नोंद अधिकृत चौकशीअंती २०२० साली झाली.

आम्ही नातवाची खाट मागल्या खोलीत हलविली. खोकला थांबला, तो खाटेमुळे की ऋतू पालटल्यामुळे, हे आम्हांस सांगवत नाही. परंतु समोरच्या शाळेचे वर्ग रस्त्याकडेच उघडतात, आणि त्यांना मागली खोली नाही. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी तेवढ्या रस्त्यावर गाड्यांस बंदी करावी, अशी व्यवस्था लंडनमधील अनेक शाळांपाशी आहे. तशीच येथे व्हावी, असा अर्ज आम्ही लिहावयास घेतला आहे.

येत्या जूनमध्ये नातू त्याच शाळेत जाणार आहे.