तीन अंदाज, एक रकाना

माझ्या कपाटात एका प्रकल्प-अहवालाची झेरॉक्स प्रत आहे. आजवर मी जे काही गद्य लिहिले त्यात इतके निःशंक गद्य दुसरे नसेल. धाकट्या भावाला कर्ज हवे होते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे लहानसे वर्कशॉप आहे, आणि ट्रॅक्टरच्या मागे जोडून हळद काढता येईल असे यंत्र त्याला करायचे होते. अहवालातली माहिती त्याची. भाषा ‘नीट करून देण्याचे’ काम, घरात मराठीचा प्राध्यापक आहे म्हणून, माझ्याकडे आले.

त्याच्या वहीत प्रत्येक कामापुढे तीन आकडे होते. सारे सुरळीत झाले तर किती दिवस, नेहमीसारखे झाले तर किती, आणि सगळेच बिघडले तर किती. ही रीत त्याची नव्हे. १९५८ साली अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या कामासाठी ‘पर्ट’ नावाचे नियोजनतंत्र बसवले, त्यातली ती आहे. आशावादी अंदाज, मधल्या अंदाजाची चौपट आणि निराशावादी अंदाज यांची बेरीज करून तिला सहाने भागायचे. गणित शाळकरी वाटते. पण वाईटात वाईट शक्यतेलाही कागदावर हक्काची जागा देणारे दुसरे गणित मला तरी ठाऊक नाही. शेतातल्या चाचणीपुढे भावाने लिहिले होते : एक महिना, बारा महिने, छत्तीस महिने. सूत्राने उत्तर येते सुमारे चौदा महिने.

अर्जाच्या नमुन्यात रकाना एकच होता. मी त्यात ‘एक महिना’ लिहिले, कारण हप्त्यांच्या वेळापत्रकाशी तेवढेच जुळत होते. शिवाय ‘जमेल असे वाटते’ या त्याच्या शब्दांच्या जागी ‘साध्य होईल’ असे केले. विद्यार्थ्यांच्या निबंधातले ‘असे वाटते’ खोडण्याची सवय असलेल्या हाताला त्यात काही वावगे दिसले नाही.

बारा महिन्यांचा आकडा कुठून आला हे मी त्याला विचारायला हवे होते. हळद उन्हाळ्याच्या अखेरीस लागते आणि पौष-माघापासून निघू लागते. काळ्या रानात वाफसा हुकला की यंत्राचे सगळे शहाणपण संपते : ओल जास्त असेल तर माती पात्याला लपेटून बसते, कमी असेल तर ढेकळाबरोबर गड्डाही फुटतो. म्हणजे चाचणी घेण्याजोगे दिवस वर्षातून मोजकेच. पाते चार बोटे उथळ गेले एवढे कळायला एक हंगाम जातो, आणि दुरुस्ती बरोबर झाली की नाही हे पाहायला पुढचा माघ यावा लागतो. कारखान्यात चूक संध्याकाळी कळते, इथे ती वर्षाने कळते. हप्ता मात्र दरमहा येतो. पहिल्या वर्षी पाते मातीने भरले, दुसऱ्या वर्षी हळकुंडे मोडली. तिसऱ्या वर्षी यंत्र बरे चालले, तोवर वडिलांच्या दोन एकरांतला एक गेला होता. भाऊ मला कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

त्याच सुमारास ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या जडणघडणीवर वर्गात बोलायचे होते, म्हणून शं. वा. किर्लोस्करांनी लिहिलेले ‘यांत्रिकाची यात्रा’ हे आपल्या काकांचे, लक्ष्मणरावांचे, चरित्र पुन्हा हाती घेतले. लक्ष्मणरावांची गोष्ट आमच्या भागात सर्वांना पाठ असते. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. ‘दोन वर्षे लागली’, आपण हे एका दमात म्हणतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. पण ज्या दिवसांत नांगर विकला जात नव्हता त्या दिवसांना ‘दोन वर्षे’ हे नाव नव्हतेच. ते नाव शेवट कळल्यावर पडले. प्रत्यक्षात रोजची एक सकाळ होती आणि न खपलेला माल होता. हा नांगर कधीच विकला जाणार नाही, हेही त्या सकाळी तितकेच खरे ठरू शकत होते. लोखंडाचा घाट, फाळाचा कोन ही रेखाटनात मावणारी गोष्ट; शेतकऱ्याच्या मनातले विष कोणत्या रेखाटनात मांडणार? चरित्रकार जे मागे वळून करतो तेच मी अहवालात आगाऊ केले होते. शक्यतांचे फाटे छाटून सरळ रस्ता दाखवला.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या यमाई मंदिराच्या सभामंडपाचे काम करणाऱ्या लक्ष्मणरावांना बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिले. १९१० च्या मार्चमध्ये निवडुंगाच्या आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी सुरू झाली. (औंध आज सातारा जिल्ह्यात आणि वाडी सांगलीत, १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला हा जिल्हा १९६० साली सांगली झाला.) पूर्वी मी या प्रसंगातली राजाची रसिकता वर्गात सांगत असे. आता ‘बिनव्याजी’ या शब्दावर अडतो. अनिश्चित कामाला पैशाइतकीच व्याज न चढणाऱ्या काळाची गरज असते, हे मला आमच्या विकलेल्या एकराने शिकवले. अर्थात अशा काळानेही सारे भागत नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला, आणि मग वीज आली. असो.

गेल्या वर्षी भावाने नव्या यंत्रासाठी अर्ज करायचे ठरवले. या वेळी हळकुंडे मातीतून चाळून वर आणणारा भाग जोडायचा होता. भाषा नीट करायला पुन्हा मीच. रकाना तेवढाच होता. मी त्यात बारीक अक्षरांत तिन्ही आकडे लिहिले, मध्ये तिरप्या रेघा मारल्या, आणि ‘असे वाटते’ होते तिथे राहू दिले. अर्ज पंधरा दिवसांनी परत आला. समासात पेन्सिलीने लिहिले होते : ‘एकच आकडा नमूद करावा.’

तो अजून टेबलावर पडून आहे. काल रात्री भावाचा फोन आला. अर्जाचे त्याने विचारलेच नाही. म्हणाला, “दादा, मामांच्या रानात वाफसा आलाय. रविवारी पाते घालून बघतोय. येशील?”