पाणी उपसायचं नाही

ऑक्टोबर लागला की अलिबाग, नागाव, किहीमकडच्या वीकएंड बंगल्यांचे फोन पूलवाल्याला सुरू होतात. सगळ्यांची मागणी एकच: पाणी काढून टाका, घासून घ्या, टँकर मागवून भरून द्या. मालक पावसाळ्यात फिरकलेला नसतो, बिल नको म्हणून पंप बंद असतो. पाण्यावर बदामाची पानं, एखादी झावळी, तळाशी चार बोटं गाळ. पाणी पालक शिजवून काढल्यासारखं, दुसरी पायरीसुद्धा दिसत नाही.

जाणता माणूस अशा वेळी पूलकडे नंतर वळतो. आधी वाडीतली विहीर बघतो. विहिरीचं पाणी हाताला लागेल इतकं वर असेल, तर पूलच्या तळाखालची जमीनही पाण्याने भरलेली असणार. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल अशा घरगुती पूलमध्ये साधारण ४५ हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे ४५ टन वजन. ते काढून घेतलं की खालचं पाणी तळाला वर रेटतं. लाद्या सुटतात, तळ तडकतो, हलकं बांधकाम असेल तर अख्खी टाकी उचलली जाते. साफसफाईचं काम मग गवंडीकामावर जातं.

आणि टाकून द्यायचंय ते पाणी तरी कुठलं? या पट्ट्यात वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पूलच्या खोलीपेक्षा जास्त पाणी आभाळातून येऊन काठावरून वाहून गेलेलं असतं. शिल्लक आहे ते बहुतांशी पावसाचंच. ते फेकून टँकर मागवायचा, तर टँकर भरणार गावातल्याच कुठल्या तरी विहिरीवर. त्या पाण्यात लोह निघालं, तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होतं.

तेव्हा पाणी तेच ठेवायचं. पहिला दिवस जाळीचा. पानं, काटक्या, गाळ जितका हाताने निघेल तितका काढायचा, कारण राहिलेलं प्रत्येक पान नंतर औषध खातं. बेडकांची पिल्लं बादलीने शेतात नेऊन सोडायची. डासांच्या अळ्यांची गय नाही. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. काही दिवस काम लांबणार असेल तर तोवर गप्पी मासे सोडलेले बरे. दुर्लक्षित पूल हा घरमालकाचा खासगी मामला नसतो. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डमध्ये २००७ साली कर्जं थकली, घरं ओस पडली आणि परसातले पूल हिरवे झाले. त्या उन्हाळ्यात वेस्ट नाइल विषाणूचे रुग्ण २७६ टक्क्यांनी वाढले आणि संशोधकांनी या वाढीचा संबंध तिथल्या पूलांशी जोडला.

मग औषध. इथे घाई नडते. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतं, त्यामुळे पीएच वर सरकलेला असतो. पीएच ८ असताना क्लोरीनचा जेमतेम पाव भाग कामाचा उरतो, ७.२ वर आणला तर दोन तृतीयांश. म्हणून आधी ॲसिड, तेही मोजून, आणि पंप चालू ठेवून. भिंती ब्रशने खरवडायच्या, कारण शेवाळाचा वरचा बुळबुळीत थर आतल्यांना वाचवतो. ऊन क्लोरीन उडवतं, त्यामुळे हायपो, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर, संध्याकाळी. ६५ टक्क्यांचा सुमारे ७०० ग्रॅम हायपो ४५ हजार लिटरच्या पूलमध्ये १० पीपीएम क्लोरीन चढवतो. हिरवं पाणी ते रातोरात फस्त करतं, मग पुन्हा तेवढाच. पावडर बादलीतल्या पाण्यात घालायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. हायपोचा मग टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या) डब्यात कधीही जाता कामा नये. ही दोन क्लोरीनं एकमेकांत मिसळली की पेट घेतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी राखाडी, दुधी होतं. मालकाचा फोटो येतो, "साहेब बघा, अजून बिघडलं!" खरं तर हीच बातमी चांगली असते. शेवाळ मेलं, आता मढी उचलायची. वाळूची गाळणी २०-४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण नीट धरत नाही, म्हणून इथे तुरटी कामी येते. विरघळवून सगळीकडे सोडायची, पाणी फिरवून घ्यायचं आणि रात्रभर पंप बंद. सकाळी तळावर राखाडी गाळ बसलेला असतो. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवून, म्हणजे गाळणी वगळून थेट बाहेर, तो ओढायचा, तेही इतक्या सावकाश की बघणारा कंटाळून आत निघून जावा. ब्रश जरा जोरात फिरला की लोळ उठतो आणि दिवस फुकट. त्याआधी जी घाण गाळणीत जाते, तिच्यामुळे बॅकवॉश दिवसातून दोनदा करावा लागला तरी नवल नाही.

मोरचूद टाकणारे माळीही या भागात भेटतात. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणात शोभणारी ती वस्तू शेवाळ मारते, पण तांबं पाण्यात राहतं, प्लास्टरवर डाग पाडतं आणि पिकलेल्या केसांना हिरवट झाक देतं. टीसीसीएच्या गोळ्यांचं दुखणं वेगळं. त्यांतलं सायन्युरिक ॲसिड उन्हापासून क्लोरीन वाचवतं, पण साचत जातं. १० पीपीएम क्लोरीनमागे साधारण ६ पीपीएम. फार साचलं की क्लोरीन असूनही मंद पडतो. तेव्हा मात्र पाणी बदलावंच लागतं. तेही एका वेळी तिसरा हिस्सा, आणि मार्चनंतर, विहीर खाली गेल्यावर.

पैसा आणि तज्ज्ञ हाताशी असूनही फजिती होते. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा पूल हिरवा पडला. आदल्या आठवड्यात कंत्राटदाराने ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. त्याने क्लोरीन निकामी केला. शेजारचा तलावही हिरवा पडला आणि त्यातलं ३७ लाख लिटरच्या वर पाणी उपसून बदलावं लागलं, कारण तिथल्या समूह जलनृत्यात परीक्षकांना पाण्याखालचंही दिसायला हवं होतं.

तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली तरी पूलवाला बिल देत नाही. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजतो, उजाडायच्या आत पुन्हा मोजतो. रात्री ऊन नाही, पोहणारे नाहीत. तरी क्लोरीन १ पीपीएमपेक्षा जास्त घटला तर खाणारं कुणीतरी अजून आत आहे. बहुतेकदा ते शिडीच्या पोकळ पाइपात, नाहीतर दिव्याच्या खोबणीमागे सापडतं. दिवा बाहेर काढून मागे ब्रश घातला की हिरवा ढग उठतो. मग आणखी एक रात्र हायपो. निघताना माळीकाका हळूच विचारतात, "पुढच्या पावसात पंप बंद ठेवला तर चालेल ना? लाइटबिलावरून साहेब ओरडतात." रोज चार-पाच तास तरी चालवा, असं सांगून पूलवाला टायमरचे काटे स्वतःच लावून देतो.