नाकासमोर

वागळे इस्टेटला स्वतःचा एक वास आहे, आणि तो पहाटे सगळ्यात स्वच्छ येतो. रात्रभर निवत गेलेल्या लोखंडाचा, कुलंटच्या दुधी तेलाचा, दव पिऊन मऊ पडलेल्या पुठ्ठ्यांचा, आणि मधूनच कुठल्याशा टपरीवर ठेचलेल्या पहिल्या आल्याचा. मी इथल्याच किसननगरात वाढले, तरी हा वास मला कित्येक वर्षं येतच नव्हता. घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी होते, तसा तो हरवला होता. परत आला तो भुरीमुळे.

भुरी अस्सल गावठी. रोड नंबर 22च्या बाजूची एक जुनी शेड पाडत होते, काचेची इमारत उठवायची म्हणून. तिथं रचलेल्या लाकडी पॅलेटांच्या मागे ही सापडली. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत मनावर जे उमटतं ते सहजी पुसत नाही, आणि हिच्या वाट्याला त्या दिवसांत आला काँक्रीट फोडणारा ब्रेकर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जमीन हादरायची. आता ती मोठी झाली, अंगानं भरली, पण शटर खाली आलं की शेपूट पोटाखाली. मागे येणाऱ्या टेम्पोची पिपाणी, छत्री उघडणारा माणूस, वाऱ्यावर फुगलेली पिशवी, सगळ्यांना ती भिते. भुंकत नाही, पळत नाही. नुसती जांभया देते आणि ओठ चाटते. झोप आलीय वाटतं हिला, असं लोक कौतुकानं म्हणतात. मी हसून मान डोलावते. भीती अशी जांभईच्या आड उभी राहते, हे कुणाकुणाला सांगत बसायचं!

म्हणून आम्ही उजाडायच्या आत निघतो. पट्ट्याची कडी अडकवताना तिच्या मानेवरची थरथर माझ्या बोटांना कळते, आणि जिना उतरेपर्यंत माझाही श्वास नकळत तिच्यासारखाच आखूड झालेला असतो. वळण आलं की ती थांबते, ऐकते, मग एक पाऊल. याला फिरणं म्हणावं का, कोण जाणे. बाकीचे लोक हातवारे करत, घड्याळात पावलं मोजत आमच्या पुढून निघून जातात, आणि आम्ही दोघी आपल्या पर्जन्यवृक्षाखाली उभ्या, कशाची तरी वाट बघत असल्यासारख्या.

पण एकदा का नाक जमिनीला लागलं की ही कुत्री निराळीच होते. नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांतून सोडलेला उच्छ्वास धुळीला हलकेच उडवतो, आणि पुढच्या श्वासाबरोबर ती उठलेली धूळ, तिच्यातली सगळी बातमी, आत. बंद गेटाखालच्या फटीशी तर ती कितीतरी वेळ रेंगाळते. तेव्हा बघावं: कान सैल पडतात, पाठीची कमान उतरते, शेपूट पोटाखालून आपली जागा सोडून हळूहळू बाहेर येतं. भित्र्या जिवाला नाक हेच मोठं औषध आहे असं मला आता वाटू लागलंय. घाई केली, पट्टा ओढला, की औषध सांडलं.

अशाच एका फटीशी ती रमली होती, मी नुसती उभी होते, आणि तो वास आला. अप्पांचा.

1 ऑगस्ट 1962ला एमआयडीसीच्या स्थापनेचा सोहळा याच इस्टेटीत झाला. अप्पा आले ते पुढच्या दशकात, एका वर्कशॉपमध्ये लेथवर. संध्याकाळी घरी आले की आधी मोरीत जाऊन कपडे धुवायच्या साबणाच्या वडीनं कोपरापर्यंत हात घासायचे. फेस आधी काळा, मग राखाडी, मग कुठं पांढरा. नखांच्या कडेची रेघ मात्र जायची नाही. तेच हात घेऊन ते जेवायला बसायचे, आणि वरणभाताच्या वाफेत कुलंटचा तो गोडसर, तेलकट वास मिसळायचा. त्यांच्या शर्टाच्या खिशात कधी लेथवरून निघालेली पोलादाची कुरळी साल असायची, निळ्या-जांभळ्या झाकेची, माझ्यासाठी कडा बोथट करून आणलेली. नाकासमोर चालणारा माणूस. भोंगा झाला की घरून निघायचा, भोंगा झाला की परत. आवाजाला भ्यायचे म्हणावेत तर अजिबात नाहीत. पण निवृत्त झाल्यावर रात्रीच्या शांततेत दचकून उठायचे. मशीन बंद पडलं का, म्हणायचे.

आहा, काय काय ठेवलं असतं त्या फटीखाली!

भुरीला माझ्या अप्पांचं काहीच नाही. ती आपलं काम संपवून पुढच्या गेटाशी गेलेली असते. जुन्या शेड आता कमी होत चालल्यात; त्यांच्या जागी आलेल्या इमारतींच्या पायऱ्यांना फरशी पुसायच्या लिंबाच्या फिनेलचा वास येतो, आणि तिथं ती क्षणभरही थांबत नाही. या बाबतीत आमचं दोघींचं मत एक आहे.

रायलादेवी तलावाच्या बाजूला गेलो की पाण्याचा, शेवाळाचा वास. कधी वारा येऊरच्या जंगलाकडून येतो आणि ती अचानक खिळते, मानेवरचे केस उभे. फेब्रुवारी 2019मध्ये बिबट्या थेट ठाण्याच्या मॉलमध्ये शिरला होता, त्यामुळे तिच्या या भीतीची मी चेष्टा करत नाही. इथं ती म्हणेल तसं. मुकाट्यानं घरची वाट.

दिवाळी जवळ आलीय. फटाके सुरू व्हायच्या आत दरवर्षीसारखं मुरबाडला मावशीकडे जायचं. गेल्या वेळी तिथं ना ब्रेकर होता, ना शटर, ना टेम्पो. म्हटलं, चार दिवस तरी हिला निवांत मिळतील. तर अंगणात पाऊल टाकल्याबरोबर एक कोंबडी पंख झाडून समोर आली, आणि भुरी माझ्या दोन पायांच्या मध्ये. मावशी पदर तोंडाला लावून हसली. ‘‘अगं, कुत्रं आणलंस का ससा?’’ कोंबडी हटायला तयार नाही, भुरी सरकायला तयार नाही, आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तशीच अंगणात. यंदा मावशीला सांगून ठेवलंय, आम्ही पोचेपर्यंत कोंबड्या डालून ठेव.