बाईंनी बघायला शिकवलं

रामदासपेठेतल्या आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंचं माझ्यावर मोठं ऋण आहे. ते फेडता येईल असं कधी वाटलं नाही. निदान त्याची कुठेतरी नोंद राहावी म्हणून हे लिहितो आहे.

हिवाळा आला की शाळेत सहलीची वर्गणी निघायची. काही घरांना ती झेपत नसे. आमचं घर त्यांतलंच. बाईंनी यावर साधा तोडगा काढला होता. त्यांच्या वर्गाची सहल पायी निघे आणि जाई सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यात. डबा घरचा, तिकिटं बाईंच्या पैशानं. कोण देऊ शकतं आणि कोण नाही, हे वर्गात कुणाला कळतच नसे. ही त्यांची माया समजायला मला मोठं व्हावं लागलं.

सीताबर्डी ओलांडून आम्ही रांगेनं जायचो. महाराजबागेजवळ पोरं रेंगाळायची. ‘वाघ नंतर पाहू, आधी त्याहून जुनं काही पाहू,’ म्हणत बाई रांग पुढे न्यायच्या.

अजब बंगला १८६३ सालचा. देशातल्या सर्वांत जुन्या संग्रहालयांपैकी एक. तिथे भुसा भरलेले प्राणी, शस्त्रं, मूर्ती, शिलालेख असं कितीतरी आहे. इतर शाळांची मुलं एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून धावत बाहेर पडायची. बाईंचा नियम वेगळा होता. एका दिवशी एकच दालन. वस्तूसमोर आधी उभं राहायचं, काय दिसतं ते आपल्या शब्दांत सांगायचं आणि मगच खालची पाटी वाचायची.

गुंगेरियाच्या चांदीसमोर आम्ही असेच उभे राहिलो. पातळ पत्र्याच्या गोल चकत्या आणि त्यांच्याजवळ खाली वळलेल्या शिंगांचे काही तुकडे. ‘बाई, हे बैलाचं डोकं होय का?’ एकानं विचारलं. ‘तुला कशावरून वाटलं?’ बाईंनी उलट विचारलं. मग शिंगांवर, कानांवर, कपाळावर आमचा चांगलाच वाद रंगला. तो पुरता होऊ दिल्यावर बाईंनी हकीकत सांगितली. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावाजवळ गुरं राखणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. त्यांतलं काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेलं, काही नागपुरात राहिलं. काळ म्हणाल तर इसवीसनापूर्वीचं दुसरं सहस्रक. ‘ती पोरं तुमच्याच वयाची असतील. त्यांनी नीट पाहिलं, म्हणून आज आपल्याला हे पाहायला मिळतं,’ बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात वाकाटक आले. पुस्तकात त्यांना जेमतेम परिच्छेदभर जागा होती. बाईंनी फळ्यावर विदर्भाचा नकाशा काढला. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. वाशीम म्हणजे त्यांच्या दुसऱ्या शाखेचं वत्सगुल्म. त्याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. ज्या अजिंठ्यासाठी जपानपासून माणसं येतात, त्याचा धागा आमच्या वाशीमपर्यंत पोचतो हे ऐकून वर्ग चकित झाला. वाकाटकांचे ताम्रपट आणि शिलालेख वाचून त्यांचा इतिहास उभा करणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी नागपूरचेच, हेही तेव्हाच कळलं. मिराशींचे ग्रंथ वाचायला बाई रामदासपेठेतल्या विद्यापीठ ग्रंथालयात जात. शिकवण्याआधी स्वतः शिकायचं असतं, हा संस्कार त्यांनी एक शब्दही न बोलता आमच्यावर केला.

पुढे मी बँकेत नोकरी केली. इतिहासाशी पोटापाण्याचा संबंध आला नाही. तरी कर्जाचा अर्ज घेऊन समोर बसलेल्या माणसाला आधी पाहायचं, त्याचं ऐकायचं आणि मग कागद वाचायचे, ही सवय सुटली नाही. शिक्क्यावरून, आडनावावरून, कपड्यांवरून मत बनवायचं नाही, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात नव्हे, त्या चांदीच्या काचेसमोर उमगलं.

बाई आता नाहीत. त्यांचं देणं त्यांना परत करता येणार नाही, पुढच्यांना देता येईल. म्हणून दिवाळीच्या सुटीत आमच्या गल्लीतल्या मुलांना मी अजब बंगल्यात नेतो आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर देण्याची घाई करत नाही.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांना संग्रहालयात जरूर न्या, पण पाट्या उतरवून आणण्याचा गृहपाठ देऊ नका. एक दालन निवडा, एका वस्तूसमोर त्यांना भरपूर वेळ द्या आणि त्यांना बोलू द्या. सहलीची वर्गणी ज्यांना झेपत नाही, अशी मुलं आजही प्रत्येक वर्गात आहेत. ती मागे राहणार नाहीत एवढं बघा.