तळ्याच्या अंगणात आगगाडी

तळ्याला जायचं तर कोकण रेल्वेच्या पॅसेंजरने इंदापूरला उतरा. पुणे जिल्ह्यातलं इंदापूर नव्हे हं, रायगड जिल्ह्यातलं! तिथून एस.टी. किंवा रिक्षा पकडली, की वळणं आणि चढउतार पार करत आपण तळगडाच्या पायथ्याशी पोचतो. १६६५ साली पुरंदरचा तह झाला, तेव्हा शिवाजी महाराजांकडे जे बारा किल्ले राहिले, त्यांत हा तळगड होता. गड पाहा, कुड्याची बौद्ध लेणीही पाहा. पण या प्रवासात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ती म्हणजे रस्त्याचा चढ!

चढ लागला की एस.टी.चा ड्रायव्हर गिअर बदलतो, इंजिन घोंघावू लागतं. रेल्वेला तर चढ फारच जड जातो. म्हणून कोकण रेल्वे बांधताना दीडशे मीटरला एक मीटर यापेक्षा जास्त चढ ठेवला नाही. त्यासाठी डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल बांधले. याच जिल्ह्यात १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीला मात्र काही ठिकाणी वीस मीटरला एक मीटर चढावं लागतं!

आता समजा, तळ्यातल्या एखाद्या घराच्या अंगणात तुम्हाला मोठ्या मापाची मॉडेल रेल्वे मांडायची आहे. दोन रुळांत अंतर ४५ मिलिमीटर आणि इंजिन चांगलं मांजराएवढं! पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथल्या गाड्या याहून बऱ्याच लहान मापाच्या, पण चालतात विजेवरच.

ही वीज गाडीला देतो कंट्रोलर. घरातली वीज असते २३० व्होल्टची. तिचा दाब कमी करून कंट्रोलर ती एकाच दिशेने वाहणारी करतो आणि रुळांना पुरवतो. बटण फिरवलं की व्होल्ट वाढतात, गाडी पळते. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल केली की गाडी उलटी जाते.

मग दुकानात जाऊन कुठलाही कंट्रोलर घ्यायचा का? छे! आधी तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : इंजिनाला जास्तीत जास्त किती व्होल्ट चालतात? इंजिनाबरोबरच्या कागदावर ते लिहिलेलं असतं. त्यापेक्षा जास्त दिले तर मोटर जळू शकते.

दुसरा प्रश्न : किती अँपिअर लागतील? व्होल्ट म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची मानलीत, तर अँपिअर म्हणजे नळातून दर सेकंदाला वाहणारं पाणी. समजा, तुमचं इंजिन सपाटीवर १ अँपिअर घेतं आणि चढावर २. डब्यांतल्या दिव्यांना अर्धा अँपिअर. झाले की नाही अडीच? इथे १ अँपिअरचा कंट्रोलर तापून बंद पडेल. थोडी शिल्लक ठेवून ४ अँपिअरचा घ्यावा. अंगणातला चढ मीटरला ५ सेंटिमीटर ठेवलात, तर तो माथेरानच्या गाडीइतका झाला! तो २ सेंटिमीटरवर आणा, म्हणजे इंजिनाचे कष्टही कमी आणि विजेचा प्रवाहही कमी.

तिसरा प्रश्न : बिघाड झाल्यावर कंट्रोलर आपोआप बंद होतो का? डबा घसरून त्याचं चाक दोन्ही रुळांना एकदम टेकलं, की सगळा प्रवाह त्या चाकातून धावतो. कंट्रोलर दहा अँपिअरचा असेल आणि वेळेवर तुटला नाही, तर चाक तापून प्लॅस्टिक वितळेल. म्हणजे मोठा कंट्रोलर चांगलाच, असं नाही बरं का!

आणि आई-बाबांनी वाचावी अशी गोष्ट. कोकणातला पाऊस आणि दमट हवा तुम्हाला ठाऊकच आहे. ओल्या अंगणात २३० व्होल्टची वायर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. कंट्रोलर घरातच, कोरड्या जागी ठेवा. उंबऱ्याबाहेर जाऊ दे ती फक्त कमी व्होल्टची वायर. प्लगला अर्थिंग आहे ना, हे जाणकार वायरमनकडून पाहून घ्या. पाऊस सुरू झाला की खेळ बंद! रुळ पितळेचे असले तर गंजणार नाहीत. रुळांचा फेरा लांबलचक असेल, तर दूरच्या टोकालाही वेगळी वायर जोडा, नाहीतर तिथे पोचेपर्यंत वीज अपुरी पडते. वीज जाण्याचा त्रास असेल, तर बॅटरीवर चालणारं, रेडिओने हुकूम घेणारं इंजिनही मिळतं. त्याला रुळांतून वीज लागतच नाही.

कंट्रोलर घेण्याआधी एक काम करा. इंजिन कुणा ओळखीच्याकडे चालवून, मल्टिमीटर लावून, सपाटीवर आणि चढावर ते किती अँपिअर घेतं ते मोठ्यांच्या मदतीने मोजा आणि वहीत लिहा. तो आकडा हाती असला की दुकानदार दाखवील ती वस्तू नव्हे, तर तुमच्या गाडीला हवी ती वस्तू तुम्ही मागाल. आणि कोकण रेल्वेने जाल तेव्हा खिडकीतून रुळांच्या कडेला लक्ष ठेवा. चढ-उताराचे आकडे लिहिलेल्या छोट्या पाट्या दिसतील. किती सापडतात बघा बरं!